गड आधी उतरावा : ब्राइस कॅन्यनला प्रथमच जाणाऱ्यांसाठी

अमेरिकेत मुलाकडे किंवा मुलीकडे राहायला गेलेल्या मराठी आईवडिलांवर तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात एक प्रसंग येतो. नायगारा झालेला असतो, देऊळ झालेलं असतं, इंडियन स्टोअरमधले कोथिंबिरीचे भाव पाठ झालेले असतात. मग एका रात्री जेवताना जाहीर होतं, ‘लाँग वीकेंडला युटा करू या. झायन, ब्राइस, आणि जमलं तर आर्चेस.’ यातलं ब्राइस म्हणजे नेमकं काय, हे कोणालाच नीट सांगता येत नाही. ‘तिथे दगड आहेत, भारी दिसतात,’ एवढीच माहिती मिळते. दगड बघायला एवढ्या लांब कशाला, असा प्रश्न पडल्यास तो गिळावा. हॉटेलचे पैसे परत मिळत नसतात.

पुढील सूचना अशा नवशिक्यांसाठी आहेत. अनुभवी मंडळींनी त्या वाचू नयेत. त्यांना सगळं आधीच माहीत असतं आणि ते कठड्यावर उभं राहून मोठ्याने सांगतातही.

पोचण्याआधी

बहुतेक कुटुंबं लास वेगासहून निघतात. अंतर साधारण २६० मैल, म्हणजे चारशेवीस किलोमीटरच्या आसपास, आणि रस्ता चार तासांचा. पण युटाचं घड्याळ नेवाडाच्या एक तास पुढे असल्यामुळे दहाला निघालेली गाडी तिथल्या तीनला पोचते. हा तास जावयाने कॉफीत घालवला, असा संशय मनात आणू नये.

हायवे १२ ला वळल्यावर थोड्याच वेळात दोन्ही बाजूंना लालभडक सुळके दिसू लागतात आणि रस्ता दगडात कोरलेल्या दोन छोट्या बोगद्यांतून जातो. इथे गाडीत ‘आलं, आलं!’ असा गलका होतो, सगळे उतरतात आणि पन्नास फोटो निघतात. हे ब्राइस नव्हे. हे रेड कॅन्यन. ते डिक्सी राष्ट्रीय वनात मोडतं आणि फुकट आहे. पन्नास फोटो ठेवून घ्यावेत, गावी कोणाला फरक कळणार नाही.

खऱ्या प्रवेशद्वारापाशी पैशांचा विषय निघतो. २०२६ च्या सुरुवातीपासून अमेरिकेबाहेरून आलेल्या, सोळा आणि त्याहून अधिक वर्षांच्या प्रत्येक पाहुण्याला अकरा लोकप्रिय राष्ट्रीय उद्यानांत नेहमीच्या प्रवेश फीवर शंभर डॉलर जास्तीचे लागू झाले. ब्राइस त्या अकरांत आहे आणि शेजारचं झायनही आहे. परदेशी पाहुण्यांसाठी वर्षभराचा पास अडीचशे डॉलरचा निघाला. दोन-तीन उद्यानं करायची असतील तर हिशेब घरीच मांडावा आणि नियम निघण्याआधी उद्यान खात्याच्या अधिकृत संकेतस्थळावर पाहून घ्यावेत. डॉलरचे रुपये करू नयेत, असं मुलं सांगतात. जरूर करावेत. एवढे पैसे मोजल्याचं लक्षात राहिलं, की वीस मिनिटांत परत गाडीत बसायची लाज वाटते. ब्राइसला येणारे कितीतरी लोक वीस मिनिटांतच परत गाडीत बसतात, म्हणून तर ही मार्गदर्शिका.

कठड्याशी

पार्किंगमध्ये उतरल्यावर समोर पाइनची झाडं, सपाट जमीन आणि कचरापेट्या दिसतात. ‘कुठे आहेत दगड?’ असं कोणाला विचारू नये. थोडं चालावं. जमीन एकाएकी संपते आणि खाली केशरी, गुलाबी, पांढऱ्या दगडी खांबांची अख्खी वस्ती दाटीवाटीने उभी दिसते. या खांबांना हूडू म्हणतात. काही माणसाच्या उंचीचे, काही दहा मजली इमारतीएवढे. कंबरेत बारीक, डोक्यावर टोपी, अंगावर रंगांचे आडवे पट्टे. जगात इतके हूडू एका जागी दुसरीकडे कुठे नाहीत.

पहिली पाच मिनिटं बोलू नये. ही सूचना मराठी कुटुंबाला पाळणं जड जातं, पण प्रयत्न करावा. निदान ‘याच्यापेक्षा आपलं अमुक बरं’ हे वाक्य गाडीत परतेपर्यंत राखून ठेवावं.

इथल्या पाट्या जपून वाचाव्यात. ब्राइस कॅन्यन ही कॅन्यन नाही. कॅन्यन म्हणजे नदीने कोरलेली दरी, आणि इथे ती कोरणारी नदीच नाही. पाउनसॉगंट नावाच्या पठाराची पूर्वेकडची कड झिजत, ढासळत मागे सरकते आहे आणि तिथे अर्धगोल वाडग्यांसारखे खळगे तयार झाले आहेत. एबेनेझर ब्राइस हा मूळचा स्कॉटिश सुतार मॉर्मन पंथीयांबरोबर १८७० च्या दशकात इथे वस्तीला आला. लाकडं आणायला त्याने खळग्यापर्यंत रस्ता केला, आणि आसपासचे लोक त्या जागेला ब्राइसची कॅन्यन म्हणू लागले. गाय हरवली तर शोधायला यापेक्षा वाईट जागा नाही, असं त्याचं मत होतं म्हणतात. या परिसराचं इतकं नेमकं वर्णन नंतर कोणाला जमलेलं नाही. तो १८८० मध्ये ॲरिझोनाला निघून गेला. नाव मात्र राहिलं, आणि १९२८ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं तेव्हा तेच कायम झालं.

नॅचरल ब्रिज नावाचा पूल हा पूल नाही, कमान आहे. पूल म्हणवून घ्यायला खालून वाहतं पाणी लागतं, असा भूशास्त्रज्ञांचा नियम. पण नवशिक्यांची खरी फसगत सनसेट पॉइंटवर होते. नावावर भरवसा ठेवून लोक संध्याकाळी तिथे जागा धरतात. खळग्यांचं तोंड पूर्वेकडे, म्हणजे सूर्य मावळतो तो आपल्या पाठीमागे, पार्किंगच्या बाजूला. समोरचे हूडू तोपर्यंत कड्याच्या सावलीत गेलेले असतात. ब्राइसची वेळ सकाळची. पहाटे उठून ब्राइस पॉइंट गाठावा किंवा सनराइज पॉइंट, हा मात्र नावाला जागतो. कोवळं ऊन सुळक्यांना मागून लागतं आणि दगड आतून पेटल्यासारखा दिसतो. रोज पहाटे फिरायला जाणाऱ्या ज्येष्ठांना ही सूचना अवघड जाऊ नये. अवघड जाते ती त्यांच्या मुलांना.

कोणी विचारलं तर

थोड्या वेळाने कुटुंबातला कोणीतरी ‘हे कोरलं कोणी?’ असं विचारतोच. ज्याला उत्तर देता येतं त्याचा त्या सहलीपुरता मान वाढतो, म्हणून हा परिच्छेद पाठ करावा. ‘नदीने’ आणि ‘वाऱ्याने’ ही दोन्ही चुकीची उत्तरं आहेत, आणि ती आधीच कोणीतरी देऊन टाकलेली असतात. त्यांना बोलू द्यावं.

साधारण पाच कोटी वर्षांपूर्वी इथे मोठी तळी होती. त्यांच्या तळाशी चुनखडी, चिखल, वाळू यांचे थर साचत गेले आणि त्यांचा दगड झाला. त्यातल्या लोहाच्या गंजामुळे लाल-केशरी रंग आला, मँगनीजमुळे जांभळट झाक. पुढे हा सगळा प्रदेश उचलला गेला आणि दगडाला उभ्या भेगा पडल्या. इथून पुढचं काम बर्फाचं. कड्याची उंची आठ हजार फुटांच्या वर असल्यामुळे वर्षातले जवळजवळ निम्मे दिवस असे असतात, की दुपारी पारा शून्याच्या वर असतो आणि रात्री खाली. दिवसा भेगेत शिरलेलं पाणी रात्री गोठतं. गोठताना पाणी सुमारे नऊ टक्के फुगतं आणि भेग रुंदावते. दुसऱ्या दिवशी वितळून आणखी आत जातं, पुन्हा गोठतं. अशाने पठाराच्या कडेपासून आधी पातळ भिंत सुटी होते, मग भिंतीत खिडकी पडते, मग खिडकीचं छत कोसळतं आणि दोन बाजूंचे खांब उरतात. पावसाचं किंचित आम्लधर्मी पाणी चुनखडी विरघळवून त्यांचे कोपरे गोल करतं. वरचा थर टणक असेल तर तो टोपीसारखा टिकतो, मधला मऊ थर झिजून कंबर बारीक होते. टोपी पडली की खांबाचेही दिवस भरले.

हे सांगून झाल्यावर थोडं थांबावं आणि मग सांगावं, की सह्याद्रीचा काळा बेसॉल्ट साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा आहे, म्हणजे हा सगळा दगड आपल्यापेक्षा वयाने लहान. याने मंडळींना बरं वाटतं. आपल्याकडे असे हूडू का नाहीत, याचंही उत्तर त्यातच येतं. आपला दगड वेगळा, आणि सह्याद्रीत रोज रात्री पाणी गोठायला लागलं तर आधी वर्तमानपत्रांत बातमी येईल.

हूडू शतकाला साधारण दोन ते चार फूट या वेगाने झिजतात. पणतवंडांना दाखवायचं असेल तर घाई नाही. कठडा मात्र अधूनमधून मागे घ्यावा लागतो. त्याच्यावर बसून फोटो काढणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

नावं ठेवणे

या कामात आपण कसलेले आहोत. सुळका दिसला, की त्याला नाव द्यायचं. माहुलीला आपण नवरा, नवरी आणि भटोबा उभे करून ठेवलेच आहेत. ब्राइसमध्ये थॉरचा हातोडा आहे, बुडतं जहाज आहे, आणि क्वीन्स गार्डनमध्ये व्हिक्टोरिया राणीही आहे. राणी ओळखू आली नाही तर शेजारच्या माणसाबरोबर मान डोलवावी. त्यालाही ती दिसलेली नसते.

आधीची नावं वेगळी होती. हा मुलूख सदर्न पायूट लोकांचा. त्यांच्यातल्या एका वृद्धाने १९३६ मध्ये उद्यानाच्या निसर्गतज्ज्ञाला सांगितलेली कथा अशी : फार पूर्वी इथे जे लोक राहत होते ते वाईट वागले, म्हणून कोयोटीने, म्हणजे त्यांच्या कथांतल्या मायावी कोल्ह्याने, त्यांना दगड करून टाकलं. कोणी उभे, कोणी बसलेले, कोणी एकमेकांना धरून, चेहऱ्यावर रंग तसाच. खळग्यात उतरून वर पाहिलं, की ही कथा भूशास्त्रापेक्षा लवकर पटते. व्हिक्टोरिया राणीला तिथे आणून बसवणाऱ्यांनी ती आधी ऐकली असती तर बरं झालं असतं, हे आमचं मत.

उतरणे

आता मुख्य काम. गडावर जाण्याचा आपला सराव असा, की आधी दमायचं, वर पोचून पिठलं-भाकरी खायची आणि रमतगमत खाली यायचं. ब्राइस हा उलटा गड आहे. गाडी थेट माथ्यावर जाते, उतरण सोपी असते, माणूस गाणी म्हणत खाली जातो, आणि दम लागण्याचं सगळं काम शेवटी शिल्लक राहतं. नवशिक्यांची चूक इथेच होते. उतरताना ‘अजून थोडं खाली जाऊ’ असं वाटत राहतं. त्या प्रत्येक ‘थोडं’चा हिशेब परतीला द्यावा लागतो.

मार्ग एकच सांगतो, कारण तोच उत्तम आहे. सनराइज पॉइंटपासून क्वीन्स गार्डनच्या वाटेने उतरावं, खालच्या झाडीतून पलीकडे जावं आणि नवाहो लूपच्या वाटेने सनसेट पॉइंटला वर यावं. सगळं मिळून सुमारे तीन मैल, उतार-चढ सहाशे फुटांच्या आसपास. उलट दिशेनेही जाता येतं, पण नवाहोची बाजू जास्त खडी. ती उतरताना गुडघे दुखतात, चढताना फक्त छाती भरून येते. पन्नाशीनंतर गुडघे राखावेत.

नवाहोच्या वाटेवर वॉल स्ट्रीट लागते. शेअर बाजाराशी संबंध नाही. दोन्ही बाजूंना उंच भिंती, मधे जेमतेम रस्ता, आणि त्या फटीत प्रकाशाच्या ओढीने सरळसोट वर गेलेली डग्लस फरची झाडं. मग नागमोडी वळणांचा चढ. उद्यानात एकाच ठिकाणी उभं राहायचं असेल तर इथे राहावं. वरच्या कठड्यावरून हूडू एखाद्या प्रदर्शनात मांडल्यासारखे दिसतात. खाली त्यांच्यात उभं राहिलं, की आपण प्रदर्शनात आहोत आणि बघणारे ते, असं वाटायला लागतं. ज्यांना खाली उतरणं शक्य नाही त्यांनी सनराइज ते सनसेट पॉइंट हा कड्यावरचा अर्धा मैल चालावा. तो सपाट आणि डांबरी आहे, आणि त्यात कमीपणा काही नाही. पण ज्यांना उतरणं शक्य आहे आणि जे केवळ बूट मळतील म्हणून उतरत नाहीत, त्यांनी घरून निघालं कशाला, हे समजत नाही.

बुटांचं निघालंच आहे, तर चपला, सँडल आणि नातवाचे जुने कॅनव्हास चालणार नाहीत. वाट बारीक खडीची आहे, पाय सरकतो. तळव्याला नक्षी असलेले, घोटा धरून ठेवणारे बूट घालावेत. साडी नेसून उतरायलाही हरकत नाही, फक्त बूट खरे असावेत.

चढणे

सावकाश.

याहून जास्त सांगायचं तर : सनसेट पॉइंट आठ हजार फुटांवर आहे, कळसूबाईच्या शिखरापेक्षा अडीच हजार फुटांहून अधिक उंच. समुद्रसपाटीच्या मानाने दर श्वासाला पाऊण हिस्साच प्राणवायू मिळतो. पुण्यात रोज पर्वती चढणाऱ्यालाही इथे धाप लागते, आणि तो पर्वती रोज चढतो हे त्याने आदल्या दिवशी सर्वांना सांगितलेलं असतं. वळणावर थांबावं, पाणी प्यावं. थांबल्याचं कारण म्हणून समोरच्या सुळक्याकडे बोट दाखवून फोटो काढण्याची पद्धत आहे. ती सर्वमान्य आहे. चढणाऱ्याला उतरणाऱ्याने वाट द्यायची, असा पायवाटांचा शिष्टाचार आहे. खेचरं आणि घोडे आले तर मात्र आपण बाजूला व्हायचं, ते शिष्टाचार पाळत नाहीत.

जुलै-ऑगस्टमध्ये दुपारी ढग जमतात. तिथेही त्याला मान्सून म्हणतात. पाऊस आपल्यासारखा लावून धरत नाही, पण वीज पडते आणि उघड्या कड्यावर पडते. गडगडाट ऐकू आला, की कठड्यावरून गाडीत यावं. पावसात भजी खात दरी बघण्याची हौस इतरत्र भागवावी.

चिवड्याविषयी

सोबत चिवडा न्यावा. घाम येऊन नुसतं पाणी प्यायल्याने त्रास होतो. खारट खावं, असा रेंजरांचाही सल्ला असतो. चिवड्याला मिळालेली ही दुर्मीळ वैद्यकीय मान्यता आहे, तिचा लाभ घ्यावा.

तो खारींना घालू नये. त्या पायाशी येऊन हात जोडल्यासारख्या उभ्या राहतात आणि आजीचं मन पाघळतं. खायला घालणं हा गुन्हा आहे, दंड होतो; शिवाय त्या चावतात. कुरणात बिळातून डोकं काढणारे प्रेअरी डॉग दिसतील. कुळाने तेही खारीच; ही युटातलीच दुर्मीळ, संरक्षित जात. त्यांच्यापासून लांब राहावं, कारण त्यांच्या पिसवांतून प्लेग येऊ शकतो. पुण्याच्या माणसाने हे हसण्यावारी नेऊ नये. १८९६ मध्ये मुंबईत, १८९७ मध्ये पुण्यात जी साथ आली, रँडसाहेब ज्या दिवसांत मारला गेला, तीच साथ जहाजांतून १९०० मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला उतरली आणि तिथून अमेरिकेच्या पश्चिमेतल्या रानउंदरांत, खारींत कायमची शिरली. तिथे ती अजून मुक्कामाला आहे.

दगड खिशात घालू नयेत. त्यावर नाव कोरू नये. ही सूचना वेगळी लिहावी लागते, याचं कारण रायगडावर सापडेल.

कधी जावं

आईवडील मे ते सप्टेंबर या काळात जातात. तेव्हा फुकटची शटल बस चालू असते, सगळ्या वाटा उघड्या असतात, आणि पार्किंगला जागा नसते. रात्री थांबता आलं तर अमावास्येच्या आसपासचा दिवस धरावा. घरातल्या ज्येष्ठांचा विरोध होईल, पण २०१९ पासून हे अधिकृत ‘डार्क स्काय’ उद्यान आहे, आणि चंद्र नसेल तेव्हा आकाशगंगा इतकी स्पष्ट दिसते, की विरोध मागे घेतला जातो.

आमचा कौल मात्र फेब्रुवारीला. शटल बंद असते, वॉल स्ट्रीटची वाट दरड कोसळण्याच्या भीतीने बंद असते, ताज्या बर्फानंतर उद्यानाच्या टोकाला असलेल्या रेनबो पॉइंटचा रस्ताही काही काळ बंद ठेवतात. थंडी कडाक्याची. पण केशरी खांबांच्या प्रत्येक टोपीवर पांढरा थर असतो, कठड्यावर कोणी नसतं, गाडी कुठेही लावता येते आणि क्वीन्स गार्डनची वाट बुटांना काटेरी साखळी लावली तर उतरता येते. शिवाय ज्या बर्फाने हे सगळं घडवलं, तो कामावर असतो तेव्हाच त्याला भेटायला जाणं हे रीतीला धरून आहे. मुलगा म्हणेल, हिवाळ्यात तुम्हाला झेपणार नाही. त्याला थर्मल कपडे घ्यायला पाठवावं आणि विमानाचं तिकीट फेब्रुवारीचंच काढायला सांगावं.